रॉकेल, रॉकफेलर आणि एका बाईने वाचलेली रद्दी

जुनी_रद्दी (धागाकर्ता)

घरात वातीचा स्टोव्ह होता तोवर रॉकेल हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडायचा. सातवीत असताना मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं की रॉकफेलरवरून रॉकेल आलं. बाई हसल्या. शब्द आला 'रॉक ऑइल'वरून, म्हणजे दगडातलं तेल. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडविन ड्रेकने विहीर खणून तेल काढलं, त्यामागच्या खटपटीची सुरुवात ज्या कंपनीने केली तिचं नावच पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी होतं. रॉकफेलर, म्हणजे पुढच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा मालक, नंतर आला, आणि तेलाच्या विहिरींच्या भानगडीत फारसा न पडता त्याने शुद्धीकरण आणि वाहतूक धरली. माझं उत्तर चुकलं, पण अगदीच भलतीकडे गेलं नव्हतं.

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'शोधपत्रकारिता म्हणजे छुपा कॅमेरा' अशी हाणामारी चालली होती, तेव्हापासून अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेल डोक्यात आहे. तिने याच स्टँडर्ड ऑइलचं, तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात बलाढ्य कंपनीचं, पितळ उघडं पाडलं ते मुख्यतः कागद वाचून. त्यातले बरेचसे कागद कुणालाही वाचता आले असते. कोर्टातल्या साक्षी, संसदीय समित्यांचे अहवाल, रेल्वेचे दर. कुणी वाचले नव्हते, एवढंच.

बाई मूळची तेलाच्या मुलखातली. जन्म १८५७. बाप तेल साठवायच्या लाकडी टाक्या बांधायचा, पुढे स्वतः तेलाच्या धंद्यात उतरला. ती चौदा वर्षांची असताना, १८७२ च्या फेब्रुवारीत, एका सकाळी रेल्वेचे मालभाडे एकदम वाढले आणि अख्ख्या टापूत बोंब झाली. साऊथ इंप्रूव्हमेंट कंपनी नावाच्या एका कागदी कंपनीने तीन मोठ्या रेल्वेंशी गुपचूप करार केला होता आणि त्या कंपनीत रॉकफेलर आणि त्याचे सोबती होते. तेलवाल्यांनी टायटसव्हिलच्या नाट्यगृहात सभा घेतली, मिरवणुका काढल्या, या टोळक्याला तेल विकायचं नाही अशी शपथ घेतली. काही आठवड्यांत करार मोडला, कंपनीची सनद रद्द झाली. लोक जिंकले म्हणायचे! पण तेवढ्या आठवड्यांत क्लीव्हलंडमधल्या सव्वीस शुद्धीकरण कारखान्यांपैकी वीसहून जास्त रॉकफेलरने विकत घेऊन टाकले होते. करार नुसता लागू होणार या धाकानेच काम झालं.

मुलगी शिकली, कॉलेजात तिच्या वर्गात ती एकटीच बाई. मग पॅरिसला जाऊन राहिली, नेपोलियनवर लिहिलं, लिंकनवर लिहिलं. न्यूयॉर्कच्या 'मॅक्लुअर्स' मासिकात नोकरी लागली. अंकाची किंमत १० सेंट. या मासिकाचा मालक सॅम्युअल मॅक्लुअर हा आयर्लंडहून आलेला, एका जागी दहा मिनिटं न बसणारा माणूस, पण एक गोष्ट त्याला कळली होती: चांगल्या लेखाला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. टार्बेलचा एकेक लेख त्याला सुमारे ४,००० डॉलरला पडला असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्या काळचे ४,००० डॉलर. आज आपल्याकडे वार्ताहराला बसभाडं मागितलं तर... असो.

स्टँडर्ड ऑइलवर लिहिणार म्हटल्यावर म्हातारा बाप म्हणाला, या फंदात पडू नकोस, ते तुझं मासिक बुडवतील. ती पडली. नोव्हेंबर १९०२ पासून ऑक्टोबर १९०४ पर्यंत एकोणीस लेख आले.

त्या शोधातले दोन प्रसंग मला फार आवडतात.

पहिला: साऊथ इंप्रूव्हमेंट कंपनीचा कच्चाचिठ्ठा देणारी एक पुस्तिका त्या काळातच छापली गेली होती. तिचा शोध सुरू केला तर सगळीकडे एकच उत्तर, ती आता मिळणार नाही, कंपनीने सगळ्या प्रती उचलून नष्ट केल्या. शेवटी एक प्रत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात निघाली. तीस वर्षं ती तिथे नुसती पडून होती.

दुसरा: स्टँडर्डच्या एका कचेरीतल्या पोऱ्याला दर महिन्याला काही कागद जाळायला दिले जायचे. एकदा त्याला त्या कागदांवर ओळखीचं नाव दिसलं. त्याच्या चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या शिक्षकाचं. हे गृहस्थ तेलाचे स्वतंत्र व्यापारी होते, म्हणजे स्टँडर्डचे प्रतिस्पर्धी. पोराने कागद जोडले, वाचले आणि नेऊन मास्तरांच्या हातात दिले. मास्तरांनी ते टार्बेलकडे पाठवले. रेल्वेचे कारकून स्टँडर्डला कळवत होते की अमुक व्यापाऱ्याचा इतका माल अमक्या गावी निघालाय. माल पोचायच्या आत स्टँडर्डचा माणूस गिऱ्हाइकाच्या दारात हजर, ऑर्डर रद्द कर म्हणून.

स्टँडर्डमधला बडा माणूस हेन्री रॉजर्स टार्बेलशी जवळपास दोन वर्षं बोलत होता. ओळख करून दिली ती मार्क ट्वेनने. ब्रॉडवेवरच्या २६ नंबरच्या मुख्य कचेरीत ती रीतसर जायची, तो रीतसर उत्तरं द्यायचा. रॉजर्सचं जुनं बिऱ्हाड तिच्या लहानपणच्या घराजवळच्याच टेकडीवर होतं, तेव्हा दोघांच्या गावाकडच्या गप्पाही व्हायच्या. हा कारकुनांचा लेख छापून आला आणि रॉजर्सचा चेहरा रागाने पांढराफटक पडला. हे कुठून मिळवलंस, एवढंच विचारलं. त्यानंतर भेटी बंद.

अजून बरंच आहे. त्याच काळात असंच लिहिणाऱ्या सिंक्लेअर, स्टेफन्स वगैरे मंडळींवर जाणकारांनी भर घालावी.

तिखटमीठ

मस्त धागा. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: मोठ्या गिऱ्हाइकाला भाड्यात सूट मिळाली तर त्यात पाप काय? मीही दहा किलो कांदे घेतले की भाव पाडून मागतो.

मालधक्का

तिखटमीठ, तुम्ही कांद्याचा भाव पाडून घेता ते ठीक. पण शेजारीण एक किलो कांदे घेऊन गेली आणि तिच्या पैशातले निम्मे भाजीवाल्याने तुमच्या घरी आणून दिले, तर?

मी मालवाहतुकीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. धागा वाचून हात शिवशिवले. १८७२ च्या त्या कराराचे आकडे मीही वाचलेत. क्लीव्हलंडमधल्या बाहेरच्या माणसाला, म्हणजे जो टोळीत नाही त्याला, कच्चं तेल कारखान्यापर्यंत आणायला पिंपामागे ८० सेंट भाडं. टोळीतल्याला ४० सेंट. इथवर तुमचे कांदे. खरी मेख पुढे आहे. त्या बाहेरच्याच्या ८० सेंटमधले ४० सेंट रेल्वेने टोळीच्या कंपनीला पाठवायचे! म्हणजे प्रतिस्पर्धी जितका जास्त धंदा करेल तितका पैसा तुमच्या गल्ल्यात. तो स्वतःच्या पैशाने स्वतःची तिरडी बांधतोय. सवलत ही धंद्यात सगळीकडे चालते, पण ही दुसरी चीज मी आयुष्यात पाहिली नाही.

आणि त्यात आणखी एक कलम होतं जे माझ्यासारख्याला सगळ्यात जास्त झोंबतं. रेल्वेने सगळ्यांच्या मालाच्या बिल्ट्यांची नक्कल रोजच्या रोज त्या कंपनीकडे पाठवायची. ज्यांनी बिल्टी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी: तीत माल पाठवणारा कोण, घेणारा कोण, काय माल, किती नग, वजन किती, कुठून कुठे, सगळं असतं. व्यापाऱ्याच्या धंद्याची अख्खी कुंडली. त्याची गिऱ्हाइकं कोण, हे त्याच्या बायकोला माहीत नसेल पण गुड्स क्लार्कला माहीत असतं. म्हणून त्या पोऱ्याच्या कागदांचं महत्त्व. १८७२ चा करार मोडला असं लोक समजत होते, आणि तीस वर्षांनी तेच कलम कराराशिवाय चालू असल्याचं त्या जाळायच्या कागदांनी दाखवलं.

आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्यात एका गिऱ्हाइकाला झुकतं माप देऊ नये असं कलम होतं. आम्हाला प्रशिक्षणात ते घोकायला लावायचे. अमेरिकेत असा कायदा १८८७ ला आला खरा, पण दात नव्हते. सवलतींवर नीट बंदी घालणारा १९०३ चा, आणि दर ठरवण्याचे अधिकार आयोगाला देणारा १९०६ चा. तारखा बघा आणि टार्बेलबाईंच्या लेखांच्या तारखा बघा.

तिखटमीठ

काका, कांदे मागे घेतो.

एरीकाठ

क्लीव्हलंडमध्ये राहतो, त्यामुळे दोन शब्द.

मागच्या पावसाळ्यात (इथे पावसाळा वेगळा नसतो, पण मी अजून तसंच मोजतो) बायको-मुलांना घेऊन टायटसव्हिलला जाऊन आलो. दोन-अडीच तासांचा रस्ता. ड्रेकच्या विहिरीच्या जागी आता संग्रहालय आहे आणि विहिरीवरचा लाकडी मनोरा पुन्हा बांधलाय. शेजारून ऑइल क्रीक वाहतो. आपल्या एखाद्या ओढ्याएवढाच. एके काळी या खोऱ्यात विहिरींची झुंबड होती, गावं एका वर्षात उठायची आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ओस पडायची. आता सगळीकडे झाडी. माझ्या लेकीला वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी आलो.

रॉकफेलरचं थडगं मात्र आमच्या गावात आहे, लेक व्ह्यू स्मशानभूमीत. मोठा दगडी स्तंभ. म्हातारपणी तो भेटेल त्याला दहा सेंटचं नाणं द्यायचा, म्हणून लोक अजून थडग्याच्या कडेला तेच नाणं ठेवून जातात. मी गेलो तेव्हा बरीच होती. मी नाही ठेवलं.

टार्बेल १९०३ मध्ये इथल्या त्याच्या चर्चमध्येही गेली होती, नुसती त्याला बघायला. तिला तो भयंकर म्हातारा दिसला, आणि सारखी मान वळवून मागची गर्दी न्याहाळणारा. त्यावरून तिने पुढे त्याचं जे व्यक्तिचित्र लिहिलं ते मला आवडत नाही. त्याच्या टकलावर आणि चेहऱ्यावर काय लिहायचं? माणसाला केस गळण्याचा आजार होता.

कोरडवाहू

सगळे आरत्या ओवाळताय म्हणून जरा पाणी ओततो.

निष्पन्न काय झालं? १९०६ ला सरकारने खटला भरला, १५ मे १९११ ला सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे करायला लावले. टाळ्या. पण रॉकफेलरकडे प्रत्येक तुकड्याचे समभाग आले, आणि बाजारात त्या तुकड्यांचे भाव असे चढले की गडी आधीपेक्षा श्रीमंत झाला. निकालाची बातमी आली तेव्हा तो गोल्फ खेळत होता आणि बरोबरच्या पाद्र्याला म्हणाला, पैसे असतील तर स्टँडर्ड घेऊन ठेवा, असं सांगतात.

दुसरं उदाहरण त्याहून कडू. अप्टन सिंक्लेअर. पोरगा सव्वीस वर्षांचा, पक्का समाजवादी. एका समाजवादी साप्ताहिकाने ५०० डॉलर आगाऊ दिले, त्यावर हा १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला. साधे जुने कपडे, हातात जेवणाचा डबा, की झाला कामगारांतलाच एक. लिथुएनियाहून आलेल्या एका मजुराच्या कुटुंबाची कशी धूळधाण होते याची कादंबरी लिहिली, 'द जंगल'. १९०६ ला पुस्तक आलं. त्यात माणसांची हालत पानोपानी: मांस खारवायच्या खोलीत हात कुजलेले मजूर, खताच्या विभागात काम केल्यामुळे घरातल्यांनाही जवळ न बसवणारा वास, थंडीत रक्ताने भिजून गोठलेले पाय, पोरंबाळं कामाला. आणि थोड्याशा पानांत सॉसेजमध्ये काय काय जातं ते.

लोकांनी काय वाचलं? सॉसेज. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने दोन माणसं पाठवून चौकशी केली, बरंचसं खरं निघालं, आणि ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा आणि अन्न-औषध शुद्धतेचा असे दोन कायदे एकाच दिवशी सह्या होऊन बाहेर पडले. सिंक्लेअर स्वतः म्हणाला की मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता आणि चुकून लागला पोटाला. मजुरांचा पगार वाढला का? तास कमी झाले का? नाव नको. आणि तपासणीचा खर्च कत्तलखान्यांनी नाही, सरकारी तिजोरीने भरायचा, वर्षाला ३० लाख डॉलर. बड्या मांसवाल्यांना फुकटात सरकारी शिक्का मिळाला आणि युरोपात माल विकायला तोच उपयोगी पडला.

मध्यमवर्गाला आपल्या ताटात काय पडतं याची काळजी. ताट वाढणाऱ्याची नाही.

जुनी_रद्दी

कोरडवाहू, सिंक्लेअरबद्दल जवळजवळ सगळं मान्य. टार्बेलबद्दल नाही. रॉकफेलर गरीब व्हावा असं तिने कुठे लिहिलंय? उलट तिने रॉकफेलरच्या बुद्धीचं, शिस्तीचं कौतुक केलंय. तिचं म्हणणं एवढंच की या लोकांनी सचोटीने खेळूनही डाव जिंकला असता, आणि ते सचोटीने खेळले नाहीत. माझ्या मते ती कुणाला वाटते तेवढी क्रांतिकारक नव्हतीच. बायकांच्या मताधिकाराबद्दलही तिला फारशी आस्था नव्हती, ते मला आजही पचत नाही.

रॉकफेलर श्रीमंत झाला हे खरं, पण रेल्वेच्या कारकुनाकडून बिल्टी मागवणं हा त्यानंतर गुन्हा होता. हे लहान आहे का? मालधक्का काकांना विचारा.

अनुस्वार

शब्दावरून थोडं. या मंडळींना 'मकरेकर' म्हणतात. आडनाव वाटतं ना? कोकणातलं. आमच्या वर्गात एक मकरेकर होता अशी मला खरोखर शंका येते आहे.

मूळ शब्दाचा अर्थ शेणकचरा ओढायचं दाताळं धरणारा. शब्द रूढ केला तो थिओडोर रूझवेल्टने, १४ एप्रिल १९०६ च्या भाषणात, आणि शिवी म्हणून. दाखला दिला जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'च्या दुसऱ्या भागातला: एक माणूस हातात दाताळं घेऊन खाली मान घालून कचरा ओढतोय, वरून त्याला दिव्य मुकुट देऊ केला जातोय, पण तो मान वर करत नाही. (अवांतर: हे पुस्तक मराठीत 'यात्रिक क्रमण' म्हणून १८४१ सालीच आलेलं आहे. आपल्या भाषेतल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांत ते मोडतं.)

रूझवेल्ट चिडला होता तो टार्बेलवर नाही. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात डेव्हिड ग्रॅहम फिलिप्सने 'सिनेटचा देशद्रोह' अशा अर्थाची मालिका सुरू केली होती, आणि तीत रूझवेल्टच्या पक्षातले म्होरके सोलले जात होते. तेव्हा सिनेटर लोकांच्या मतांनी निवडून येत नसत, राज्यांची विधिमंडळं त्यांना पाठवत. म्हणजे ज्याच्या खिशात विधिमंडळ त्याच्या खिशात सिनेटर. १९१३ ला घटनेत सतरावी दुरुस्ती झाली आणि थेट निवडणूक आली. फिलिप्सला ती बघायला मिळाली नाही. १९११ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये भर दुपारी एका माथेफिरूने त्याला गोळ्या घातल्या, कारण काय तर कादंबरीत आपल्या कुटुंबाची बदनामी केली असा त्याचा समज.

आता मराठी शब्द काय करायचा? 'उकिरडा फुंकणारे' म्हटलं तर रूझवेल्टची शिवी तंतोतंत उतरते. पण या लोकांनी नंतर ती शिवी बिल्ल्यासारखी छातीवर मिरवली, तो अर्थ आपल्या उकिरड्यात येत नाही. आपल्याकडे उकिरडा फुंकणाऱ्याला कधीच मान मिळाला नाही.

तिखटमीठ

'उकिरडा उपसणारे' करा. फुंकण्यात रिकामटेकडेपणा आहे, उपसण्यात कष्ट आहेत.

अनुस्वार

घेतला.

औषधपेटी

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे या काळातलं माझं आवडतं प्रकरण वेगळं. सॅम्युअल हॉपकिन्स अॅडम्स, 'कोलिअर्स' साप्ताहिक, ऑक्टोबर १९०५ पासून. विषय: बाटलीतली रामबाण औषधं.

'पेरूना' नावाचं औषध सर्दीपासून सगळ्यावर चालायचं. त्यात २८ टक्के मद्यार्क. दारूबंदीवाली सोवळी कुटुंबं सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा घ्यायची आणि म्हणायची, काय तरतरी येते! सरकारच्या आदिवासी खात्याने तर मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत पेरूना विकायला बंदी घातली, नशेचा पदार्थ म्हणून. बाळाला शांत झोपवणारं एक सरबत घरोघर होतं, त्यात मॉर्फीन. बाळ शांतच व्हायचं, कधीकधी कायमचं.

बायकांच्या दुखण्यांवरचं लिडिया पिंकहॅमचं टॉनिक. जाहिरातीत लिहिलेलं असायचं की आपली नाजूक तक्रार निःसंकोचपणे मिसेस पिंकहॅमना कळवा, एक बाईच बाईचं दुःख जाणते. 'लेडीज होम जर्नल'ने काय केलं, तर पिंकहॅमबाईंच्या थडग्याचा फोटो छापला. बाई १८८३ सालीच वारल्या होत्या. त्यापुढे एक ओळही लिहायची गरज नव्हती.

पण माझ्या मते कळस आहे तो लाल कलमाचा. वर्तमानपत्रं याविरुद्ध गप्प का, याचा माग मार्क सुलिव्हन या पत्रकाराने काढला. औषधवाल्यांच्या जाहिरातीच्या करारात लाल शाईत छापलेलं असायचं की तुमच्या राज्यात आमच्या धंद्याला बाधक कायदा झाला तर हा करार रद्द. झालं! आता कायदा अडवणं हे संपादकाचंच काम. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात यावर चर्चा झाली तेव्हा एक वर्तमानपत्र सोडून कुणी ओळ छापली नाही.

१९०६ च्या कायद्याने ही औषधं बंद झाली नाहीत हेही सांगतो. फक्त मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन असेल तर बाटलीवर छापायला लागलं. तेवढ्यानेही खूप फरक पडला. आई वाचायला लागली. आजही दुकानात कुणी चष्मा वर करून लेबल वाचायला लागलं की मी घाई करत नाही.

(रॉकफेलरचा बाप गावोगाव हिंडून कर्करोगावर औषध विकणारा वैदू होता, आणि दुसऱ्या नावाने दुसरा संसार थाटून बसला होता. यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढा.)

शाईची_दौत

धागा वाचतेय आणि वाट बघतेय की कुणी आयडा वेल्सचं नाव घेईल. दोन आयडा होत्या हो. एकीचाच धागा झाला.

आयडा बी. वेल्स १८६२ ला मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मली. मेम्फिसमध्ये वर्तमानपत्र चालवायची. मार्च १८९२ मध्ये तिथे तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने तुरुंगातून काढून ठार मारलं. त्यातला टॉमस मॉस तिचा मित्र, ती त्याच्या मुलीची धर्ममाता. गुन्हा काय, तर त्यांच्या किराणा दुकानामुळे समोरच्या गोऱ्याचा धंदा बसला होता. झुंडबळींचं समर्थन तोवर एकाच सबबीवर चालायचं, गोऱ्या बायकांच्या अब्रूचं रक्षण. वेल्स एकेका प्रकरणाच्या मुळाशी गेली आणि तिला दिसलं की बहुतेक ठिकाणी ते कारण नव्हतंच. तिने तसं छापलं. ती परगावी असताना जमावाने तिचं कार्यालय मोडलं आणि परत आलीस तर जीव घेऊ असा निरोप ठेवला.

आता जुनी_रद्दींच्या मुद्द्याकडे येते. १८९५ ला तिने 'रेड रेकॉर्ड' काढलं, त्यातले आकडे तिने 'शिकागो ट्रिब्यून'मधून घेतले. मुद्दाम. गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांनी छापलेले बळी, त्यांनीच दिलेली कारणं, नाव-गाव-तारखेसह. काळ्या बाईचा शब्द कुणी खरा मानणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने त्यांचेच शब्द त्यांच्यासमोर ठेवले. हे टार्बेलच्या आधी सात वर्षं. तिला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला २०२० मध्ये. मृत्यू १९३१ चा.

आणि जेकब रीस. न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींचे त्याचे फोटो सगळे नावाजतात, रास्तच आहे. डेन्मार्कहून आलेला माणूस, स्वतः पोलीस चौकीच्या धर्मशाळेत झोपलेला. रात्री मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड करायचा आणि झोपलेल्यांचे फोटो घ्यायचा. एकदोनदा त्या उजेडाने खोलीच पेटली. पण त्याचं १८९० चं पुस्तक आज उघडून बघा. इटालियन असे, ज्यू तसे, चिनी तर बोलायलाच नको, अशी जातवार लेबलं. दया आहे, पण वरून खाली टाकलेली. ज्यांचे फोटो घेतले त्यांना त्याने विचारलं होतं का?

त्यापेक्षा मला लुइस हाइन जवळचा वाटतो. १९०८ पासून गिरण्यांत, खाणींत, मासे भरायच्या कारखान्यांत बालमजुरांचे फोटो काढत फिरला. आत सोडत नसत, मग कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचे फोटो काढणारा. पोरांची उंची मोजायला पट्टी काढली तर मुकादमाला संशय येईल, म्हणून स्वतःच्या कोटाच्या बटणांची जमिनीपासूनची उंची पाठ करून ठेवली होती. पोरगं जवळ उभं केलं की कितव्या बटणाला डोकं लागतं ते पाहायचं, आणि खिशातल्या खिशात कागदावर लिहायचं.

कोरडवाहू

बटणांचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई. (आणि १९१६ चा बालमजुरीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने दोनच वर्षांत उडवला, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पक्का कायदा यायला १९३८ उजाडलं.)

टार्बेलबद्दल एक राहिलं. तिने क्लीव्हलंडच्या एका विधवेची कहाणी लिहिली होती, श्रीमती बॅकस. रॉकफेलरने तिचा वंगणतेलाचा कारखाना ७९,००० डॉलरला लाटला म्हणून. नंतरच्या इतिहासकारांनी हिशेब काढला तर किंमत रास्त, किंबहुना जास्तच होती. विधवेचे अश्रू कागदावर तपासले नाहीत की असं होतं.

जुनी_रद्दी

ही चूक खरीच. आणि ती तुमच्याच बाजूने नाही, माझ्याही बाजूने बोलते: जिथे ती बिल्टी सोडून गोष्टीच्या मागे गेली तिथे घसरली. एरीकाठ म्हणतात ते चर्चमधलं व्यक्तिचित्रही त्यातलंच.

लिंकन स्टेफन्स राहून गेला. टार्बेलचा 'मॅक्लुअर्स'मधला सहकारी. शहरांतला भ्रष्टाचार हा त्याचा विषय. मिनिआपोलिसवरच्या लेखात त्याने पोलिसांना हप्ते देणाऱ्या जुगारी टोळीच्या वहीची पानं छापली. चक्क वही! कुणाला किती दिले त्याच्या नोंदी. चोर हिशेबाला फार चोख असतात. तो लेख जानेवारी १९०३ च्या अंकात आला, त्याच अंकात टार्बेलचा तिसरा लेख आणि रे स्टॅनर्ड बेकरचा खाणकामगारांवरचा. मॅक्लुअरने संपादकीयात लिहिलं की तिन्ही लेख एकाच विषयावर निघाले हे ठरवून झालेलं नाही. पुढे १९०६ मध्ये हे सगळे त्याच्याशी भांडून बाहेर पडले आणि दुसरं मासिक काढलं. मराठी नाटक कंपन्यांसारखंच.

एरीकाठ

अजून एक. तुकडे झाले त्यातल्या न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कच्या कंपन्यांची वंशावळ आपल्या मुंबईत येते. दोन्हींच्या भागीदारीतल्या स्टँडर्ड व्हॅक्यूमने ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाना काढला, १९५४ ला. मग ती एस्सो झाली, आणि १९७४ ला सरकारने घेतल्यावर हिंदुस्थान पेट्रोलियम. माझे सासरे त्या बाजूलाच राहायचे, ते अजून 'एस्सो' म्हणतात.

तिखटमीठ

म्हणजे जुनी_रद्दी सातवीत फार चुकले नव्हते!

मालधक्का काका, एक विचारू? तुमच्याकडे कधी कुणी बिल्टी बघायला मागितली?

मालधक्का

मागायचे की. सणासुदीच्या आधी हमखास. एक गूळवाला होता, दुसऱ्या गूळवाल्याचा माल कुठे चाललाय ते त्याला हवं असायचं. सरळ विचारायचा नाही. येऊन बसायचा, चहा मागवायचा, माझ्या मुलीचं शिक्षण कुठवर आलं विचारायचा, आणि रजिस्टर माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं. उलट्या बाजूने वाचायची त्याला सवय झाली होती.

दोन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. मग मी रजिस्टरवर डबा ठेवायला लागलो. जेवणाचा, स्टीलचा. तरी चहा यायचाच.